साडेतीन फुटांवरून : आपल्या लहानपणातून मुलांचं चित्रपुस्तक कसं करावं

आमच्या गावात पिठाची गिरणी एकच होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की शाळूचा डबा पोटाशी धरून मी तिथं जायचे. गिरणीवाल्या अण्णांच्या भुवया, पापण्या, कानांतले केस, सगळं पांढरं. इंजिनाच्या आवाजात बोलून उपयोग नसायचा, म्हणून ते नुसती बोटं दाखवायचे. हा माणूस नसून दुसरंच काहीतरी आहे, अशी सहाव्या वर्षी माझी पक्की खात्री होती. मग एका दुपारी ते ओढ्यात आंघोळ करताना दिसले. काळेभोर. मी पळत घरी आले आणि आईला सांगितलं, "अण्णा विरघळले!"

या एका वाक्याचं बत्तीस पानी पुस्तक करायला मला दोन वर्षं लागली. त्यातलं निम्मं काम मी उलट्या क्रमानं केलं, म्हणजे आधी सुंदर चित्रं, मग मजकूर, मग पानं मोजणं. तुम्हाला तो खर्च पडू नये म्हणून आता जसं करीन तसं सांगते. उदाहरण सगळीकडे गिरणीचंच देते, कारण दुसऱ्याच्या पुस्तकात कुठं काय बिघडलं होतं ते मला माहीत नाही.

आधी आठवण निवडा, आणि रम्य आठवणी बाजूला ठेवा

लहानपणावर लिहायला बसलं की पहिल्या झटक्यात काय येतं? सूरपारंब्या, आंब्याची अढी, चुलीवरची भाकरी, आजीची गोधडी. ही यादी आपल्याला हळवं करते. सहा वर्षांच्या मुलाला ती काहीच करत नाही. त्याला जुन्या दिवसांची हुरहुर नसते, कारण त्याचे दिवस अजून जुने झालेले नाहीत. त्याच्याकडे असते भीती, हेवा, हाव, लपवाछपवी आणि भलभलते गैरसमज. आपल्याकडेही त्या वयात हेच होतं. हळवेपणा नंतर चिकटला.

मराठीत ही अडचण जरा जास्तच आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्यात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो. तो मोठ्या माणसाचा, मागे वळून पाहणारा आवाज आहे आणि तिथं तो शोभतो. पण आपण लहानपणाबद्दल लिहायला पेन उचललं की तोच ओलावा आपोआप शाईत उतरतो. माझ्या पहिल्या खर्ड्याच्या शेवटी श्रमाची प्रतिष्ठा होती. अण्णा बिचारे दिवसभर राबतात वगैरे. ते पान मी आता बुकमार्क म्हणून वापरते.

तर एक वही घ्या आणि आठवडाभर रोज पंधरा मिनिटं लिहा. प्रत्येक ओळीची सुरुवात एकच: "मला वाटायचं की..." शेजारचे आजोबा 'वारले' म्हणजे त्यांचा वारा झाला, म्हणून मी दोन दिवस खिडकी लावू दिली नव्हती. रेडिओतली माणसं जेवतात कधी, हा प्रश्न. कोणत्या खोलीत जायला बंदी होती? काय चोरलं? कुणाची कोणती वस्तू आपल्याकडे हवी होती? काय हरवलं आणि कुणाला सांगितलं नाही? चाळीसेक ओळी जमतात. घाई नको, चांगल्या ओळी चौथ्या-पाचव्या दिवशी वर येतात.

मग चाळणी लावा. त्या पोराला काहीतरी हवं होतं का, किंवा काहीतरी टाळायचं होतं का? सगळं एका दिवसात, फार तर दोन-तीन दिवसांत घडतं का? आणि चित्रकाराच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं, त्यात बघण्यासारखं काही आहे का? 'आजोबा वारले' मला फार आवडत होतं, पण वारा काढायचा कसा, हे मला आजही सुचलेलं नाही. गिरणीत पांढरं होतं, अंधार होता, फिरणारा पट्टा होता. चित्रं आपणहून येत होती.

डोळ्यांची उंची मोजा

हे मला फार उशिरा कळलं, म्हणून सगळ्यात आधी ठासून सांगते. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण ११५ सेंटीमीटर असते. डोळे त्याहून दहा सेंटीमीटर खाली, म्हणजे जमिनीपासून सुमारे साडेतीन फुटांवर. भिंतीवर तिथं पेन्सिलीनं खूण करा. आता मोबाइल त्या खुणेवर धरा आणि घरभर, बाजारात, एसटी स्टँडवर फोटो काढत फिरा. लोक बघतील, बघू द्यात.

काय दिसतं? ओट्यावरचं काहीच दिसत नाही, ओट्याची कड दिसते. माणसांचे चेहरे नसतात. गुडघे, पिशव्या, पदराची टोकं, कमरेच्या किल्ल्या असतात. टेबलाची खालची बाजू दिसते आणि तिथं चिकटवलेलं कुणाचं तरी च्युइंगम. दुकानाच्या काउंटरमागे दुकानदार कमरेपासून वरच असतो. माझ्या पहिल्या चित्रांत गिरणी आख्खी दिसत होती, वरून, नकाशासारखी. चित्र देखणं होतं, पण ते कुणी पाहिलं होतं? सहा वर्षांच्या मला गिरणी म्हणजे एक उंच उंबरठा, डब्यांची रांग आणि वरून येणारे दोन पांढरे हात, एवढीच होती. चित्रं परत काढली तेव्हा अण्णांचा चेहरा पहिल्या दहा पानांत कुठंच आला नाही. त्यामुळे भीती आयती तयार झाली, मजकुरात 'भीती' हा शब्द घालावाच लागला नाही.

मजकुरालाही हीच उंची लावा. त्या पोराला जे माहीत नव्हतं ते पुस्तकाला माहीत असता कामा नये.

आठवणीची झडती घ्या

आठवण खोटं बोलते, आणि फार आत्मविश्वासानं बोलते. आधी न बघता त्या जागेचा नकाशा काढा: दार कुठं, ऊन कुठून यायचं, कोण कुठं बसायचं. मग तोच नकाशा भावंडांना किंवा त्या काळच्या मैत्रिणीला स्वतंत्रपणे काढायला सांगा. माझ्या भावाच्या नकाशात गिरणीसमोर चिंचेचं झाड होतं. माझ्यात नव्हतं. भांडण झालं, काकूनं निकाल दिला की झाड होतं, पण आम्ही मोठे झाल्यावर तोडलं. माझं लक्षच नव्हतं, कारण मी त्या वयात मान वर करून चालत नव्हते, डब्याकडे बघत चालत होते. ही माहिती मला झाडापेक्षा जास्त उपयोगी पडली.

मग प्रत्यक्ष जाऊन बघा. गाव बदललं असेल तर तशीच दुसरी जागा शोधा. मी दोन तालुके पालथे घालून एक जुनी गिरणी गाठली आणि तीन दुपार तिथं स्केचबुक घेऊन बसले. धान्य ओतायचं वरचं नरसाळं, दगडांची जोडी, पीठ पडतं तिथली कापडी बाही आणि तिच्या तोंडाशी अडकवलेला डबा. मधूनच गिरणीवाला बाहीवर टिचकी मारतो, मग अडकलेलं पीठ भसकन खाली येतं. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावतात, तो टकटक आवाज वेगळा. ताजं पीठ ऊन असतं, डबा पोटाशी धरला की पोट शेकतं. हे मी साफ विसरले होते आणि पुस्तकातलं मुलांचं सगळ्यात लाडकं पान यातूनच निघालं.

बायकांचं बोलणंही टिपून घेतलं. "शाळूवर शाळूच दळा हां, गव्हावर नको." आधीच्या धान्याचं थोडं पीठ दगडात राहतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं, म्हणून ही काळजी. सहा वर्षांची मुलगी हा निरोप घोकत घोकत गिरणीपर्यंत जाते, हा पुस्तकाचा कणा झाला.

इथं एक अवघड गोष्ट. झडती घेताना नको ते सापडतं. एका बाईंचा डबा रांगेत कुठंही असला तरी दळण नेहमी सगळ्यात शेवटी व्हायचं, आणि त्यानंतर इंजिन बंद. मला तेव्हा वाटायचं की त्यांना मुळी घाईच नसते. तिसाव्या वर्षी लख्खकन कळलं की ते जातीमुळे होतं. हे पुस्तकात घ्यायचं की नाही? न घेतलं तर माझी गिरणी खोटी. घेऊन समजावलं तर सहा वर्षांची उंची सुटते. मी तीन चित्रांत बाजूला ठेवलेला एक डबा काढला, वेगळ्या झाकणाचा, कायम शेवटचा. मजकुरात त्याच्याबद्दल अक्षर नाही. एखादं मूल विचारतं, "हा डबा कुणाचा?" मग पुस्तक वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाला उत्तर द्यावं लागतं. हे पुरेसं आहे का, याबद्दल माझं मन अजून स्थिर नाही. पण आपलं बालपण रंगवताना कोण कडेला उभं होतं, हे एकदा तरी तपासाच.

जिवंत माणसं असतील तर नाव, खूण, धंदा यांपैकी काहीतरी बदला, आणि शक्य असेल तर त्यांना आधी दाखवा. मी स्वतःलाही बदललं. 'मी' काढून 'शकू' घातली आणि एकदम मोकळी झाले. 'मी' असताना खोटं लिहायला हात धजत नव्हता. शकूला मी बिनधास्त ओढ्यापर्यंत अण्णांच्या मागोमाग पाठवलं.

कागदाची घडी : बत्तीस पानं का?

चित्रपुस्तकं बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात, याला कारण छापखाना. २० × ३० इंची कागद घ्या. त्यावर ७.५ × १० इंचाची आठ पानं एका बाजूला बसतात, दोन्ही बाजू मिळून सोळा. असे दोन कागद म्हणजे ३२ पृष्ठं. छापखानेवाले या आकाराला क्राउन १/४ म्हणतात. कडा कापल्यावर तो थोडा लहान होतो. तुमची गोष्ट ३५ पानांची झाली तर उरलेला कागद वाया जातो आणि पैसे तुम्ही भरता. मधोमध पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत असावीच लागते.

घरी डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, करणं सोपं आहे. आठ ए-फोर कागद मधोमध दुमडून एकात एक घाला, झाली ३२ पानं. पहिल्यावर शीर्षक, दुसऱ्यावर श्रेय आणि हक्कांचा मजकूर, तिसरं उजवं पान एकटं. त्यापुढे ४-५ पासून ३०-३१ पर्यंत जोडपानं (समोरासमोरची दोन पानं) चौदा आणि शेवटी बत्तिसावं एकटं. म्हणजे तुमच्या हातात आहेत चौदा दृश्यं आणि दोन सुटी पानं. बस्स. गोष्ट एवढ्यात मावत नसेल तर गोष्टीत दोन गोष्टी आहेत.

आता खरी गंमत म्हणजे पान उलटणं. उजव्या पानावर प्रश्न टांगायचा, पान उलटल्यावर उत्तर. पान २३ वर शकू झुडपाआड बसून बघते आहे, आपल्याला फक्त तिची पाठ आणि रिबीन दिसते. उलटलं की २४-२५ वर आख्खा ओढा, आणि त्यात एक अनोळखी माणूस. हेच चित्र मी आधी २३ वर ठेवलं होतं. मुलांना ते समोरच्या डाव्या पानावरूनच दिसायचं आणि मजा जायची. म्हणून डमीशिवाय एकही पक्कं चित्र काढू नका. आधी काडेपेटीएवढ्या चौकोनांत सगळी जोडपानं एकाच मोठ्या कागदावर रेखाटा. सलग तीन पानांवर माणसं त्याच आकाराची आणि त्याच कोनातून दिसली तर तिथं पुस्तक झोपलेलं आहे.

मजकूर : चित्राला जागा द्या

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी तीनशे-चारशे शब्द पुष्कळ झाले. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्द कमी दिसले तरी वाचायला लांब होतात. शब्द मोजू नका, ओळी मोजा. पानाला चारपेक्षा जास्त नकोत. मूल स्वतः वाचणार असेल तर जोडाक्षरांवर नजर ठेवा. 'प्रचंड आश्चर्य' हे दोन शब्द पहिलीतल्या मुलाला घाट चढायला लावतात.

हा माझा पहिला खर्डा:

"एके दिवशी सकाळी शकू आईने दिलेला शाळूने भरलेला चकचकीत डबा घेऊन गावातील जुन्या गिरणीत आनंदाने गेली. गिरणीत खूप मोठा आवाज येत होता आणि सगळीकडे पांढरे पीठ उडत होते. तेथील अण्णांना पाहून तिला फार भीती वाटली."

आणि हा शेवटचा, तीन जोडपानांवर पसरलेला:

"डबा जड. पुक. पुक. पुक. गिरणी जवळ आली."

"शाळूवर शाळू. शाळूवर शाळू. शाळूवर..."

"वरून एक पांढरं बोट आलं. शकू विसरली."

चकचकीत, जुनी, पीठ, आनंद, भीती हे सगळं चित्रानं उचललं. मजकुराकडे तेच ठेवलं जे चित्राला जमत नाही: आवाज, घोकणं आणि विसरणं. तुमच्या खर्ड्यातली विशेषणं एकेक करून खोडा आणि प्रत्येक वेळी विचारा, हे मी चित्रात दाखवू शकते का? दाखवता येत असेल तर लिहू नका. चित्र आणि मजकूर यांचं थोडं भांडण लावता आलं तर आणखी मजा. मजकूर म्हणतो, "शकू अजिबात घाबरली नाही," आणि चित्रात ती डब्यामागे लपलेली.

आवाजाच्या शब्दांत मराठी श्रीमंत आहे. घरघर, भसाभस, भुरभुर, सळसळ हात न राखता वापरा, पण ज्याचा आवाज तसाच येतो त्यालाच. संवाद घरच्या बोलीत ठेवा. आमच्याकडे मुलं "काका" म्हणत नव्हती, "अण्णा, दळा की" म्हणायची. एका जाणकारानं ते 'शुद्ध' करून दिलं, "काका, कृपया दळून द्याल का?" शकू तिथं मेलीच. निवेदन प्रमाण बोलीभाषेत आणि संवाद गावचे, असा मेळ मला जमला. मजकूर झाला की मोठ्यानं वाचा, मग दुसऱ्याकडून वाचून घ्या. तो जिथं अडखळेल तिथं चूक तुमची.

चित्रं : पांढरं पीठ पांढऱ्या कागदावर

मी सुरुवात जलरंगात केली, ३०० ग्रॅमचा चांगला कागद आणून. फसले. जलरंगात पांढरं म्हणजे कोरा कागद, आणि माझं सगळं पुस्तकच पांढऱ्याचं. अण्णा पानात हरवत होते. महिनाभर राखाडी सावल्या घालून पाहिल्या, ते पीठ न वाटता राख वाटू लागलं. शेवटी वह्यांना घालायचा खाकी कागद समोर पडला होता त्यावर पोस्टर कलरच्या पांढऱ्यानं सहज एक हात काढला. तो कागदातून बाहेर आला. मग सगळं पुस्तक खाकी कागद, कोळसा आणि पांढरा रंग यांतच केलं. लाल फक्त शकूच्या रिबिनीला आणि त्या वेगळ्या डब्याच्या झाकणाला. माध्यम आधी ठरवून गोष्ट त्यात कोंबू नका. गोष्टीत कोणती वस्तू सगळ्यात जास्त आहे, धूर, पाणी, पीठ की पालापाचोळा, ते बघा आणि ती कशात चांगली उतरते ते दहा-बारा तुकड्यांवर करून पाहा.

पात्र सगळ्या पानांवर तेच दिसावं म्हणून एक कागद करा: समोरून, बाजूनं, पाठमोरी, उकिडवी, पळताना. मापं डोक्यात ठेवू नका. मी डब्यांत मोजलं: शकू पाच डबे उंच, अण्णा आठ. त्यामुळे कुठल्याही पानावर प्रमाण चुकलं की लगेच कळायचं.

एक सावधगिरी मला एका बालवाडीच्या बाईंनी शिकवली. पांढरे अण्णा 'भूत' आणि ओढ्यातले काळे अण्णा पाहून मूल हसलं, तर ते कशाला हसलं? सावळ्या रंगाला हसू येईल असं ते पान होता कामा नये. मी ओढ्याचं जोडपान परत काढलं. ऊन घातलं, ओल्या खांद्यांवर चमक घातली आणि पुस्तकात पहिल्यांदा अण्णांचा चेहरा, हसरा, पूर्ण दाखवला. भीती सगळी पांढऱ्यात राहिली.

तांत्रिक गोष्टी थोडक्यात, पण या विसरलात तर रडाल. चित्र पानाच्या कडेपर्यंत जात असेल तर चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त काढा, ते कापलं जातं. मधल्या घडीच्या दोन्ही बाजूंना सेंटीमीटरभर चेहरे, डोळे, अक्षरं ठेवू नका. मजकुराची जागा चित्र काढतानाच सोडा. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे इंग्रजीपेक्षा ओळींमध्ये जास्त अंतर लागतं. स्कॅन छपाईच्या मापाला किमान ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. पडद्यावरचा भडक पोपटी आणि केशरी छपाईच्या चार रंगांत मळकट होतो, तेव्हा फाइल सीएमवायकेत, म्हणजे या चार रंगांच्या पद्धतीत, बदलून आधी एक पान छापून बघा. अक्षरं चित्रात मिसळू नका, वेगळ्या थरावर आणि निव्वळ काळ्या शाईत ठेवा. पुढेमागे कोकणीत किंवा कन्नडमध्ये पुस्तक करायचं ठरलं तर तेव्हा स्वतःला धन्यवाद द्याल. टॅबलेटवर काढणाऱ्यांना क्रिटा हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

फाँट युनिकोडच घ्या. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फाँट मोफत मिळतात आणि मुलांच्या मजकुराला चांगले दिसतात. आकार १८ ते २४ पॉइंट. एक खोच आहे: मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणं हिंदीहून निराळी. शासनानं २००९ साली वर्णमाला प्रमाणित करताना पाकळीचा ल आणि देठाचा श धरला, आणि मुलं शाळेत तोच गिरवतात. बऱ्याच फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात, फक्त सॉफ्टवेअरमध्ये त्या मजकुराची भाषा मराठी अशी निवडावी लागते. हिंदी राहिली तर 'शाळू'चा श मुलाच्या वहीतल्या श सारखा दिसत नाही आणि ते बोट ठेवून विचारतं.

मुलांपुढे ठेवा, आणि गप्प बसा

डमी घेऊन आठ-दहा अनोळखी मुलांना वाचून दाखवा. स्वतःची आणि भावाबहिणींची मुलं चालत नाहीत, ती लाडानं हसतात. "आवडलं का?" विचारू नका; मुलं "हो" म्हणतात आणि पळतात. कोणत्या पानावर चुळबुळ झाली ते पेन्सिलीनं डमीवरच टिपा. उजव्या पानाशी थांबून विचारा, "आता काय होईल?" सगळ्यांनी बरोबर सांगितलं तर पान फार सोपं, कुणालाच काही सुचलं नाही तर आधी धागा तुटलाय.

शहरातल्या एका मुलानं मला विचारलं, "पीठ डब्यात का आणायचं? पाकिटातच असतं ना?" माझी पहिली चार पानं तिथं कोसळली. धान्याचं पीठ होतं, हेच पुस्तकानं कुठं सांगितलं नव्हतं. मग एक जोडपान वाढवलं, शब्दाविना: वरून टपोरे दाणे, खालून पिठाची धार. जे आपल्या पिढीला सांगावं लागत नाही, तेच नेमकं दाखवावं लागतं.

प्रकाशकाकडे की स्वतः?

प्रकाशकाला सगळी चित्रं पक्की करून पाठवू नका. पूर्ण मजकूर, पेन्सिलीची पूर्ण डमी आणि दोन-तीन पक्की जोडपानं पुरतात. संपादक बदल सुचवतोच. फक्त लिहिता येत असेल आणि चित्र येत नसेल तरी अडत नाही, पण मित्राकडून घाईनं चित्रं काढून घेऊन जोडू नका.

करार वाचा. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. हक्क लिहून देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणूनच 'कायमस्वरूपी, सर्व भाषांत, सर्व माध्यमांत' अशी ओळ दिसली की थांबा आणि विचारा. पैसे देऊन चित्रकाराकडून चित्रं काढून घेतली असतील, तर त्यांचा हक्क कुणाकडे हे दोघांनी आधीच कागदावर लिहून ठेवा. तोंडी समजुतीवर मैत्र्या तुटलेल्या मी पाहिल्या आहेत. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर यावं, आतल्या पानात बारीक अक्षरांत नको.

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे २०१५ पासून चालू असलेलं मुक्त व्यासपीठ आहे. तिथं गोष्ट टाकली की ती देशोदेशीच्या भाषांत जाऊ शकते. पण तिथला परवाना खुला आहे. श्रेय देऊन कुणीही ती वापरू शकतो, विकूसुद्धा शकतो. पहिली गोष्ट तिथं ठेवायला माझी हरकत नाही, काळजाजवळची असेल तर विचार करून.

स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाइन, विनामूल्य मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, मुलांच्या चित्रपुस्तकांवरही नाही. शंभर-दोनशे प्रती डिजिटल छपाईत काढा, हजाराच्या पुढे ऑफसेट परवडतं. कागद जाड घ्या, पलीकडचं चित्र अलीकडे दिसलं तर पान उलटण्याची सगळी मेहनत वाया. आणि छापून झालं की १९५४ च्या कायद्याप्रमाणे तीस दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. हौशी प्रकाशक हे हमखास विसरतात.

छापायला देण्याच्या आदल्या आठवड्यात मी डमी घेऊन गावी गेले. अण्णा आता नाहीत, गिरणीही नाही, घरोघरी घरघंट्या आल्या. अण्णांचा मुलगा मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवतो. त्यानं हात पुसले, काउंटरवर डमी ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटली. ओढ्याच्या पानावर बराच वेळ थांबला. मग मागं जाऊन अकराव्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "पट्टा सरळ काढलाय तुम्ही. आमच्या पट्ट्याला पीळ असायचा, मधोमध, आठाच्या आकड्यासारखा. नाहीतर दगड उलटा फिरला असता."

छापखान्याला फोन करून चार दिवस मागून घेतले आणि खाकी कागदाचा नवा ताव आणला.